मोका पॉट खळखळायच्या आत उतरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका ताईंना लेकीने वाढदिवसाला तीन कपांचा अ‍ॅल्युमिनियमचा मोका पॉट, म्हणजे गॅसवर कॉफी करायचं इटालियन भांडं, दिला. खोक्यावर ‘घरच्या घरी एस्प्रेसो’ असं छापलंय. महिनाभर रोज करून बघतायत, पण कॉफी कडूजहर होते आणि हॉटेलात मिळतो तसा फेस वर येत नाही. अधूनमधून मधल्या जोडातून पाणी गळतं, आणि एकदा तर दहा मिनिटं गॅसवर ठेवूनही वर थेंब आला नाही. पावडर कोपऱ्यावरच्या दुकानातली, फिल्टर कॉफीची, चिकोरीवाली. शेवटचा प्रश्न, हा पॉट इंडक्शनवर चालेल का?

ताई, मी आधी नऊ वर्षं कॅफेंमधली एस्प्रेसो मशीनं दुरुस्त केली आणि आता कॉफी भाजून विकतो. घरी मात्र रोज सकाळी मोका पॉटच लागतो. कडूपणा, गळती आणि अडकलेली कॉफी या तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ आच आणि पावडर या दोनच गोष्टींत आहे. फेसाचं तसं नाही. तो या भांड्यातून येणारच नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. आधी तेच उरकून घेऊ.

आपल्याकडे बहुतेकांना एस्प्रेसो हा शब्द पहिल्यांदा भेटला तो लग्नाच्या मांडवात. बुफेच्या कोपऱ्यात स्टीलचं मशीन, फुस्स करून दुधात सोडलेली वाफ, इन्स्टंट कॉफी, ढीगभर साखर आणि वर चॉकलेट पावडरची चिमूट. मलाही ती कॉफी आवडते, अजूनही दोन-दोन कप पितो. पण इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात त्यात दूध नसतं. साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी दाबून बसवायची, तिच्यातून ९ बारच्या दाबाने गरम पाणी ढकलायचं आणि २५-३० सेकंदांत जेमतेम ३६ ग्रॅम कॉफी काढायची, असा तो प्रकार. आता ९ बार म्हणजे किती? कारच्या टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो, ती होते सव्वादोन बार. त्याच्या चौपट. मोका पॉटमध्ये दाब होतो तो एक-दीड बार, फार तर दोन. कुकरची शिट्टी उचलायला साधारण एक बार लागतो, म्हणजे तुमचा मोका पॉट हा कुकरच्या घराण्यातला आहे.

एस्प्रेसोवर तांबूस सोनेरी साय दिसते, तिला क्रेमा म्हणतात. ताज्या भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. ९ बारच्या दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि दाब सुटला की कॉफीतल्या तेलांसकट बारीक फेस होऊन वर येतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. एक-दीड बारमध्ये हे घडायला जोरच नसतो. मोकात सुरुवातीला थोडा तपकिरी फेस दिसतो, तो कपात ओतेपर्यंत विरतो. मोका पॉट बाजारात आणणाऱ्या बियालेत्ती या इटालियन कंपनीच्याच ब्रिक्का नावाच्या मॉडेलमध्ये वरच्या नळीवर वजनाचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, त्याने फेस जरा जास्त येतो. पण तोही क्रेमाचा चुलतभाऊच.

मग खोक्यावर खोटं लिहिलंय का? पूर्ण खोटं म्हणता येणार नाही. बियालेत्तीने ‘मोका एक्सप्रेस’ बाजारात आणला १९३३ साली. आल्फोन्सो बियालेत्ती हा उत्तर इटलीतल्या पीडमाँटमधला, त्याचा कारखाना क्रुझिनाल्लो गावात. फ्रान्समध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात काम शिकून तो गावी परतला होता. त्या काळी इटलीतल्या कॅफेंमध्ये जी एस्प्रेसो मिळायची ती बॉयलरमधल्या वाफेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनची. लुइजी बेझेराने १९०१ साली ज्याचं पेटंट घेतलं त्याच जातीची ही मशीनं, आणि त्यांचा दाबही दीड बारच्याच आसपास. क्रेमाची कॉफी सुरू झाली ती आकिले गाज्जियाची दांड्याची, स्प्रिंगवाली मशीनं १९४८ मध्ये कॅफेंत आल्यावर. म्हणजे १९३३ सालच्या माणसाला घरच्या मोकाची कॉफी आणि कॅफेतली एस्प्रेसो यांत फारसा फरक वाटला नसणार. पुढे कॅफेतलं मशीन बदललं आणि घरातलं भांडं होतं तिथेच राहिलं. खोक्यावरचा शब्दही राहिला.

म्हणून मोकाला एस्प्रेसोच्या मापाने मोजू नका. ही आपल्या दक्षिणी फिल्टरच्या डिकॉक्शनची बहीण आहे. दाट, अंगाने जड, दुधात टिकणारी आणि कोरी प्यायची तर दोन घोटांत संपणारी.

आता आत काय चालतं ते बघू. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात. खालच्या भांड्यात पाणी आणि त्याच्यावर अडकलेली थोडी हवा असते. मध्ये नरसाळं लावलेली जाळीची वाटी, तिच्यात कॉफी. नरसाळ्याची नळी जवळजवळ तळापर्यंत गेलेली. आच लागली की हवा फुगते, थोडी वाफ धरते आणि दोन्ही मिळून पाण्याला खाली दाबतात. पाण्याला सुटायला वाट एकच, नळीतून वर. ते कॉफीतून जातं आणि वरच्या किटलीतल्या मधल्या खांबातून बाहेर पडतं. लक्षात घ्या, हे सुरू व्हायला पाणी उकळावं लागत नाही. नळाचं पाणी घेऊन सुरुवात केली तर उकळीच्या बरंच आधी ते चढायला लागतं.

खरी गोम शेवटी आहे. पाणी कमी होत होत नळीच्या तोंडाखाली गेलं की वर जायला लागते ती वाफ, थोड्या उकळत्या पाण्याला सोबत घेऊन. तीच ती खळखळ. चोथ्यातलं चांगलं तोवर सगळं निघून गेलेलं असतं. वाफ आता त्यातला कडवटपणा, लाकडी तुरटपणा आणि जळका वास खरवडून काढते आणि वर जमलेल्या चांगल्या कॉफीत आणून टाकते. आपल्याला इथे कुकरची सवय नडते. आपण शिट्टीची वाट बघत दुसरी कामं करतो, आवाज आला की येतो. मोकात आवाज आला म्हणजे उशीर झाला.

पावडरीचं सांगतो, कारण माझ्या मते तुमची अर्धी लढाई तिथेच हरलेली आहे. फिल्टर कॉफीची तयार पावडर बहुधा ८०-२० किंवा ७०-३० असते, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये वीस ते तीस ग्रॅम चिकोरी. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिच्यात पाण्यात विरघळणारा भाग कॉफीपेक्षा खूप जास्त. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने थेंबथेंब उतरतं, तिथे चिकोरी पाण्याला धरून ठेवते आणि डिकॉक्शन दाट होतं. तिथे तिचं काम आहे. मोकात तीच चिकोरी फुगून चिकट लगदा होते आणि पाण्याची वाट अडवते. पाणी अडलं की खालचा दाब आणि उष्णता वाढतात. मग एकतर कॉफी जळून येते, नाहीतर वाट मिळेल तिथून, म्हणजे मधल्या जोडातून, पाणी बाहेर पडतं. तुमची गळती आणि तुमची ‘दहा मिनिटांत थेंब नाही’ ही एकाच आजाराची दोन लक्षणं वाटतात मला. तेव्हा ती पावडर फिल्टरसाठी ठेवा आणि मोकाला शुद्ध कॉफी आणा.

कुठली आणायची? मध्यम ते किंचित गडद भाजलेली अरेबिका जातीची कॉफी, त्यात हवी तर वीस-तीस टक्के रोबस्टा ही दुसरी जात. रोबस्टा म्हटलं की हल्ली लोक नाक मुरडतात. पण भारताची कॉफी सर्वांत जास्त विकत घेणाऱ्यांत इटली वर्षानुवर्षं वरच्या नंबरावर आहे, आणि आपल्याकडून बाहेर जातो त्या मालात मोठा वाटा रोबस्टाचाच. मोकाला लागणारा तो जडपणा त्यातूनच येतो. चिकमगळूर, कोडगू, वायनाड यांतलं काहीही चालेल. (चिकमगळूरशी या भांड्याचं एक नातं आहे. मोका हे नाव येमेनच्या मोखा बंदरावरून पडलंय, आणि बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या त्या मोखाहूनच, अशी आख्यायिका आहे. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण थोडी.) पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घ्या. चार-पाच दिवसांनंतरची आणि महिन्याच्या आतली सर्वांत बरी. पावसाळ्यात ठाण्यासारख्या दमट हवेत उघडी पावडर दोन दिवसांत गुठळ्या धरते आणि तिचं दळणच बदलून जातं. तेव्हा लहान पाकिटं आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको. दरवेळी डबा बाहेर काढून उघडला की आत दव धरतं.

दळण किती बारीक हवं, हे आपल्या घरातल्याच वस्तूंनी सांगता येतं. मशीनच्या एस्प्रेसोचं दळण मैद्याच्या जरा अलीकडचं. फ्रेंच प्रेसचं, म्हणजे दांडा दाबून कॉफी गाळायच्या भांड्याचं, जाड रव्यासारखं. मोकाचं या दोघांच्या मध्ये, पण बारीककडे झुकणारं. चिमटीत धरून चोळलं की रांगोळी लागते तशी स्पष्ट कच लागली पाहिजे. चिमूट दाबून सोडल्यावर गोळा झाला तर फार बारीक.

दळणारं दुकान असेल तर ‘मोका पॉटसाठी, चिकोरी नको’ एवढं सांगितलं की काम झालं. घरी दळायचं तर हाताने फिरवायचा बर ग्राइंडर घ्या. तो म्हणजे लहानसं जातंच. दोन दात्यांमधलं अंतर ठरलेलं, त्यामुळे सगळे कण एका मापाचे. मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, फोडतं. निम्मं पीठ होतं आणि निम्मी कणी राहते. तरी मिक्सरच असेल तर चटणीच्या भांड्यात दोन-दोन सेकंद थांबत थांबत फिरवा, मग मैद्याच्या चाळणीने पीठ काढून टाका आणि रव्याच्या चाळणीवर राहिलेली कणी पुन्हा फिरवा. हा उपद्व्याप रोज होणार नाही हे मलाही कळतं, पण पैसे खर्च करण्याआधी फरक चाखून बघायला हा मार्ग बरा आहे.

काल सकाळी माझ्या ओट्यावर घड्याळ आणि वजनकाटा ठेवून केलेली कॉफी जशीच्या तशी सांगतो. पॉट तुमच्यासारखाच, तीन कपांचा. खालच्या भांड्यात नळाचं गाळलेलं पाणी, व्हॉल्व्हच्या जेमतेम खाली, ते भरलं १४५ ग्रॅम. व्हॉल्व्ह बुडू द्यायचा नाही, कारण जास्तीची वाफ सोडायची ती जागा आहे. वाटीत १६ ग्रॅम कॉफी. चमच्याने भरली, वाटी ओट्यावर दोनदा हलकेच आपटली आणि बोटाने वरून सपाट केली. दाबायची अजिबात नाही. मशीनमध्ये दाबतात कारण तिथे ९ बार आहेत. इथे दाबलीत तर पाण्याला वर यायला ताकद उरणार नाही. मग वाटीच्या काठावरून ओलं बोट फिरवून तिथले कण पुसले. हे पाच सेकंदांचं काम लोक विसरतात आणि मधल्या जोडातली रबरी रिंग खराब झाली म्हणून दुकानदाराशी भांडतात.

वरची किटली फिरवून आवळायची ती अंगाला धरून, कानाला धरून नाही. कानाला धरून जोर लावला की आज ना उद्या तो सैल होतो. आटे तिरके बसले तर जबरदस्ती करू नका, उलटं फिरवून पुन्हा बसवा.

गॅसचा सर्वांत लहान बर्नर घेतला. आपल्या शेगड्यांच्या दांड्यांवर एवढंसं भांडं नीट बसत नाही, कलंडतं. म्हणून मी वांगं भाजायची जाळी मध्ये ठेवतो. आच मंद, म्हणजे ज्योत बुडाच्या बाहेर डोकावता कामा नये. पॉट जरा कडेला सरकवून कान ज्योतीपासून लांब ठेवला. माझ्या पहिल्या पॉटचा कान वितळून त्याला चिंचेच्या बोटकासारखा बाक आला होता, तो अजून ठेवलाय मी. झाकण उघडंच ठेवलं, कारण इथून पुढे डोळ्यांचं काम.

पावणेपाच मिनिटं काही नाही. मग खांबाच्या तोंडाशी एक गडद थेंब फुगला आणि कडेने ओघळला. पहिली धार काकवीसारखी, काळसर, सावकाश, भांड्याला चिकटत उतरणारी. या क्षणी आच आणखी बारीक केली, ज्योत विझेल की काय इतकी. धार सलग चालू राहिली पाहिजे पण उडता कामा नये. वीसेक सेकंदांनी रंग उजळून मधासारखा झाला आणि वास बदलला, भाजक्या शेंगदाण्याकडून गुळाकडे. चाळीस सेकंदांनंतर धार फिकट पिवळी व्हायला लागली आणि तिच्यात पहिला बुडबुडा दिसला. तिथेच उचलला आणि बूड नळाखाली धरलं, फक्त बूड, पाच सेकंद. दाब बसला, धार थांबली. आवाज झालाच नाही. वर कॉफी भरली ९८ ग्रॅम. खाली थोडं पाणी राहिलं, ते राहणारच. लोक तेही वर आणायला बघतात, आणि कडूपणा तिथूनच येतो.

नळाखाली धरताना पाण्याचा भपका हातावर येतो, म्हणून हळू. ओट्यावर ओलं फडकं पसरून त्यावर पॉट टेकवला तरी चालतो. नंतर किटलीतली कॉफी चमच्याने ढवळायची, कारण आधी आलेली दाट आणि नंतरची पातळ वेगवेगळी राहते. न ढवळता ओतली तर दोघांना दोन चवींची कॉफी मिळते.

खाली गरम पाणी घालावं की गार, यावर बरीच हमरीतुमरी चालते. ‘गरम पाणी घातलं की कडू होत नाही’ असं सरसकट सांगतात. मला ते अर्धंच पटतं. गरम पाण्याने पॉट गॅसवर कमी वेळ राहतो हे खरं. पण गरम पाणी घालून झाकण लावलं की आत अडकलेली हवा आधीच तापून फुगलेली असते. पुरेसा दाब यायला पाणी आणखी तापावं लागतं, म्हणजे कॉफीला लागणारं पाणी एकंदरीत जास्त गरम असतं. हलकी भाजलेली, आंबटसर कॉफी असेल तर ते हवंच, नाहीतर ती कच्ची लागते. गडद भाजलेलीला मात्र तेवढी उष्णता सोसत नाही. तुम्ही गडद आणणार असाल तर पाणी माठातलं किंवा नळाचं घ्या. गरम घेतलंच तर खालचं भांडं फडक्याने धरून आवळा, नाहीतर बोटं भाजतील.

आकाराचं एक लक्षात ठेवा. तीन कप म्हणजे इटालियन कप, पन्नास मिलीच्या आतबाहेरचे. आपल्या कॉफीच्या मोठ्या मगच्या हिशोबाने ती एका माणसाची दुधाची कॉफी होते. आणि तीन कपांच्या पॉटमध्ये एका कपाची करता येत नाही. पाणी अर्धं घातलं तर वरची मोकळी हवा वाढते आणि सगळं गणित बिघडतं. वाटी अर्धी भरली तर पाणी कॉफीच्या कडेने पळून जातं. पॉट नेहमी पूर्ण भरायचा. एकट्यासाठी लागणार असेल तर एक कपाचा वेगळा मिळतो, घरी पाहुण्यांचा राबता असेल तर सहा कपांचा.

वर काहीच येत नसेल तर काय करायचं ते नीट वाचा, कारण धोका आहे तो फक्त इथेच. दहा मिनिटं वाट बघू नका. मंद आचेवर सहा-सात मिनिटांत थेंब आला नाही, किंवा खालच्या व्हॉल्व्हमधून फुसफुस सुरू झाली, तर गॅस बंद करायचा आणि लांब व्हायचं. गरम पॉट उघडायचा नाही, आत दाब असतो. पूर्ण गार झाल्यावर उघडा. माझ्याकडून एकदा एस्प्रेसोचं दळण चुकून मोकात गेलं, आणि वर घाईत चमच्याने दाबलं होतं. व्हॉल्व्ह सुटला आणि तपकिरी पाण्याची पिचकारी समोरच्या फरशीवरून थेट देवघराच्या भिंतीपर्यंत गेली. आई एवढंच म्हणाली, “चहा टाकू का?” व्हॉल्व्हने त्याचं काम चोख केलं म्हणून तेवढ्यावर भागलं. तो क्षारांनी बसला असता तर वेगळं झालं असतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा आतून व्हॉल्व्ह बघा, पांढरा थर धरलाय का. ज्यात मधली पिन असते ती बोटाने हलली पाहिजे.

धुण्याबद्दल दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणजे साबण कधीच लावायचा नाही, आतला काळा थर म्हणजे चव. हे मला मुळीच पटत नाही. तो थर म्हणजे कॉफीचं जुनं तेल. ते खवट होतं, आठवडाभराच्या तळणीच्या तेलासारखं. रोज गरम पाण्याने हाताने धुवा, आठवड्याला सौम्य साबणाचा एक हात फिरवा, चालेल. दुसरं टोक म्हणजे तारेची घासणी. आमच्याकडे एकदा घासायच्या ढिगात पॉट राहून गेला आणि चकचकीत होऊन परत आला. पुढच्या चार कॉफ्यांना पत्र्याचा वास. अ‍ॅल्युमिनियमला घासणी नको, खायचा किंवा धुण्याचा सोडा नको आणि डिशवॉशर तर नकोच. सोड्याने आणि डिशवॉशरच्या पावडरीने ते काळं पडतं. क्षार जमले तर खाली पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घालून कॉफीशिवाय एकदा पॉट चालवा, मग दोनदा नुसत्या पाण्याने. धुऊन झाल्यावर तिन्ही भाग सुटे ठेवून वाळवायचे. ओला पॉट आवळून कपाटात ठेवला की आत पांढरे डाग पडतात आणि कुबट वास धरतो. रिंगेचा आणि वरच्या जाळीचा भागही महिन्यातून एकदा टोकदार काहीतरी घालून सोडवा, मागे कॉफीचा गाळ बसलेला असतो. रिंग कडक झाली, पिवळी पडली, चिरली की बदला. कुकरच्या रिंगसारखीच कपांच्या मापाने येते, तेव्हा जुनी सोबत घेऊन जा.

फेसाची हौस मात्र भागवता येते, दोन तऱ्हांनी. पहिली नेपल्सकडची. कपात दोन चमचे साखर घ्यायची, मोकाची पहिली काकवीसारखी धार आली की त्यातला चमचाभर साखरेवर घालून चमच्याने जोरात फेटायचं. ती पांढरट, क्रीमसारखी झाली की उरलेली कॉफी वरून ओतायची. आपली फेटलेली कॉफी ज्यांनी लहानपणी केली आहे त्यांना हे शिकवावं लागणार नाही. दुसरी दुधाची. दूध उकळू द्यायचं नाही, साठ-पासष्ट अंशांपर्यंत, म्हणजे भांड्याला बोट दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवता येत नाही इथपर्यंत. मग रवीने घुसळा किंवा फ्रेंच प्रेसमध्ये दांडा वीसेकदा वरखाली करा. म्हशीच्या दुधापेक्षा टोन्ड दुधाला हलका आणि टिकणारा फेस येतो. शंभर मिली मोकाला दीडशे मिली दूध. साखर आधी चाखून मग घाला, कडूपणा गेला की नेहमीपेक्षा कमी लागते.

पॉट अजून नवाच आहे, तर नव्या पत्र्याचा वास जावा म्हणून पहिल्या तीन कॉफ्या ओतून दिल्या होत्या ना? नसतील तर हरकत नाही, महिनाभरात ते आपोआप झालंय.

राहिलं इंडक्शन. अ‍ॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, बुडाला चुंबक चिकटत नाही तिथे ते चालत नाही. मध्ये ठेवायची लोखंडी किंवा स्टीलची चकती मिळते, पण ती तापायला वेळ खाते आणि तापली की लवकर निवत नाही. म्हणजे ऐन थांबवायच्या वेळी आच तुमच्या हातात राहत नाही, पॉट उचलूनच बाजूला घ्यावा लागतो. इंडक्शनवरच करायची असेल तर स्टीलच्या बुडाचा पॉट घ्या, चार किंवा सहा कपांचा, कारण लहान बूड काही शेगड्या ओळखतच नाहीत. घेण्याआधी शेगडीच्या पुस्तिकेत कमीत कमी किती व्यासाचं भांडं चालतं ते बघा. आणि इंडक्शनवर सुरुवात सर्वांत खालच्या आकड्यापासून करा. तिथे ज्योत दिसत नाही, त्यामुळे आच जास्त झाल्याचं धार उडायला लागल्यावरच कळतं.